फ्रान्सचे एक सेमिस्टर आणि घरचा रोजा

मुलीने हा विषय काढायला इफ्तारनंतरची वेळ निवडली, तर ती हुशारच म्हणायची. रोजा सुटलेला असतो, मगरिबची नमाज झालेली असते, अब्बांच्या हातात चहाचा कप आलेला असतो. मुकुंदनगर असो, झेंडीगेट असो की कोठला, रमजानच्या महिन्यात घरातली महत्त्वाची बोलणी याच अर्ध्या-पाऊण तासात होतात. ‘एक सेमिस्टर फ्रान्सला शिकायला जाता येतंय, फॉर्म भरू का?’ एवढेच तिने विचारायचे. मग प्रश्न सुरू होतात. अम्मी विचारणार, तिथे खाशील काय? अब्बा विचारणार, खर्च किती? मामू मोबाइलवर पाहिलेले सांगणार की त्या देशात डोक्यावरची ओढणी काढायला लावतात. आणि जिने नातीला कुराण वाचायला शिकवले ती दादी सगळ्यांचे बोलून झाल्यावर विचारणार, ‘रमजान मध्येच आला तर गं?’

हे फक्त मुसलमान घरातले दृश्य नाही. नगरच्या मारवाडी किंवा गुजराती घरात कांदा-लसणापासून चौकशी सुरू होईल. संगमनेर-राहुरीकडच्या शेतकऱ्याच्या घरात ‘तिकडे ताटात कसलं मटण वाढतात’ हा प्रश्न येईल आणि त्यामागे गाईची धास्ती असेल. आई-वडिलांची नावे बदलली तरी काळजी तीच. पोर परत आली तर आपली राहील का, एवढेच त्यांना विचारायचे असते.

यातल्या काही प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात, ती आधी उरकलेली बरी. दोन कॉलेजांत विद्यार्थी-देवाणघेवाणीचा करार असला, तर विद्यार्थी साधारणपणे आपल्याच कॉलेजची फी भरतो, तिकडची वेगळी भरावी लागत नाही. प्रवास, राहणे आणि जेवण हा खर्च मात्र उरतो. व्हिसासाठी दरमहा ६१५ युरो हाताशी असल्याचे दाखवावे लागते. आजच्या भावाने हे साठ हजार रुपयांवर जाते आणि छोटा दुकानदार किंवा रिक्षा चालवणारा बाप इथेच थबकतो. फ्रेंच सरकारची ‘शारपाक’ शिष्यवृत्ती नेमकी अशा सेमिस्टरसाठीही असते, पण जिल्ह्यातल्या किती मुलांनी तिचे नाव ऐकले आहे? अल्पसंख्याक मुलांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. ती तशीही पूर्ण पदव्युत्तर शिक्षणासाठी होती, सेमिस्टरसाठी नव्हती. पण एक दार बंद झाले ते झालेच.

जेवणाचे सोपे आहे. विद्यापीठांच्या सरकारी खाणावळीत स्वस्तात पूर्ण ताट मिळते. त्यातले मांस हलाल असेलच असे नाही, पण शाकाहारी पदार्थ मिळतो. शिवाय वसतिगृहात स्वतः रांधता येते. अम्मीच्या हातची खिचडी न शिकता विमानात बसणारी मुले तिथे गेल्यावर फोनवर शिकतात.

ओढणीबद्दल मामूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळकपणे दिसणारी धार्मिक चिन्हे वापरायला बंदी आहे. त्यात हिजाब येतो, शीख मुलाची पगडी येते, मोठा क्रूसही येतो. २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकता येत नाही. २०२३ मध्ये शाळांत अबाया घालण्यावरही बंदी आली. पण शाळांचा हा कायदा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना लागू नाही. पॅरिसच्या विद्यापीठात मुलगी डोक्यावर रुमाल बांधून वर्गात बसू शकते, तिथे अशा मुली बसतातही. तरीही शाळेतल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या झग्याची लांबी सरकारने मोजावी, हे काही शोभणारे नाही, आणि तिकडचेही अनेक लोक हेच म्हणतात. तिथला धर्मनिरपेक्षपणा इथल्यासारखा नाही. इथे सरकार ईदला शुभेच्छा देते, दिवाळीलाही देते. तिथे १९०५ साली कायदा करून सरकारने सगळ्याच धर्मांपासून हात काढून घेतले. नगरच्या मुलीला हे विचित्र वाटेल. वाटू द्यावे. सहा महिने विचित्र वाटून घेण्यासाठीच तर जायचे असते.

आता दादीचा प्रश्न. तो रोज्याच्या तासांचा नाही, परक्या मुलखात माणसाच्या श्रद्धेचे काय होते याचा आहे. त्याचे एक उत्तर नगरमध्येच, भुईकोट किल्ल्यात लिहिले गेले आहे.

मौलाना अबुल कलाम आझाद ऑगस्ट १९४२ ते एप्रिल १९४५ या किल्ल्यात कैदेत होते. पंडित नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे नगरच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मौलानांनी याच किल्ल्यात पहाटे चहा घेत एका मित्राला पत्रे लिहिली. ती पाठवता येणार नव्हती, तरी लिहिली. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. उर्दू गद्यात त्या पुस्तकाला फार वरचे स्थान आहे. पण ते जिथे लिहिले गेले त्या शहरात किती घरांत ते सापडेल, हा प्रश्न न विचारलेला बरा.

त्यातल्या एका पत्रात मौलाना थेट फ्रान्सला पोचतात. तेराव्या शतकातला फ्रेंच राजा नववा लुई क्रुसेडसाठी इजिप्तवर चालून गेला आणि १२५० मध्ये कैद झाला. खंडणी देऊन सुटल्यावर काही वर्षे तो किनाऱ्यावरच्या अक्का शहरात राहिला. त्याच्यासोबतच्या जुआंव्हिल नावाच्या सरदाराने पुढे म्हातारपणी या मोहिमेच्या आठवणी लिहून काढल्या. त्यात एक प्रसंग आहे. राजाने दमास्कसच्या सुलतानाकडे वकील पाठवले. त्यांच्यासोबत इव्ह नावाचा एक ख्रिस्ती धर्मगुरू होता, कारण त्याला अरबी येत होती. दमास्कसच्या रस्त्यात त्याला एक म्हातारी दिसली. तिच्या एका हातात विस्तवाचे भांडे, दुसऱ्या हातात पाण्याची सुरई. हे कशाला, असे त्याने विचारले. ती म्हणाली, या विस्तवाने स्वर्ग जाळायचा आहे आणि या पाण्याने नरक विझवायचा आहे. म्हणजे लोक स्वर्गाच्या लोभाने किंवा नरकाच्या भीतीने नव्हे, तर केवळ ईश्वराच्या प्रेमाने चांगले वागतील.

मौलानांनी हे वाचले आणि ओळखले. ही गोष्ट तर बसऱ्याच्या हजरत राबियांची! राबिया आठव्या शतकातल्या, म्हणजे क्रुसेडच्या त्या मोहिमेच्या साडेचारशे वर्षे आधीच्या. सूफींच्या मैफलींत आणि घराघरांत त्यांची ही गोष्ट सांगितली जात होती. दमास्कसच्या रस्त्यावर खरेच कोणी म्हातारी भेटली की कोणाकडून गोष्ट ऐकून ती पाहिल्यासारखी सांगितली गेली, याची मौलाना छाननी करतात. तो भाग विद्वानांसाठी. दादीसाठी एवढेच महत्त्वाचे आहे की तलवार घेऊन आलेल्या फौजेतल्या हजारो माणसांपैकी या गोष्टीपर्यंत पोचला तो भाषा जाणणारा माणूस. बाकीच्यांनी लढाई पाहिली. त्याने बसऱ्याच्या एका बाईची इबादत फ्रान्सला नेली आणि पुढे नगरच्या किल्ल्यात एका मुसलमान आलिमाने ती फ्रेंच सरदाराच्या पुस्तकात पुन्हा पाहिली.

ज्याला भाषा येते त्याला समोरच्याचे मन दिसते, आणि कधी कधी त्या मनात ठेवलेली आपलीच वस्तूही दिसते. फ्रान्सच्या सेमिस्टरचे खरे भांडवल हेच आहे. इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गात बसून, भारतीय मुलांच्याच खोलीत राहून, आयफेल टॉवरसमोर फोटो काढून परत येणाऱ्याला सेमिस्टर मिळाले, फ्रान्स मिळाला नाही. वडिलांचे पैसे मात्र पूर्ण गेले.

मुंबईतून पॅरिसला गेलेल्या एका विद्यार्थ्याने हे वेळेवर ओळखले होते. सय्यद हैदर रझा. जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला भागातला, वडील जंगल खात्यात. चित्रकला शिकायला रझा आधी नागपूरला आले, मग मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये. पोटासाठी ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी. १९४७ मध्ये पंढरपूरच्या हुसेन यांच्यासारख्या मित्रांबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा केला. फाळणीत भावंडे पाकिस्तानला गेली, रझा इथेच राहिले. १९४८ मध्ये श्रीनगरला त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. चित्रे पाहून ते म्हणाले की हात चांगला आहे, पण चित्राला बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा. दुसरा एखादा रागावला असता किंवा हे बोलणे विसरून गेला असता. रझा मुंबईला परतले आणि फ्रेंच शिकायला बसले. आधी भाषा, मग शिष्यवृत्ती, मग बोट. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसच्या एकोल द बोझार या कलाशाळेत दाखल झाले. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला.

रझांचे नाव घेतल्यावर अब्बा विचारतील, ‘परत कधी आले?’ तर ते साठ वर्षांनी आले. शिक्षण संपल्यावर तिथेच राहिले, १९५९ मध्ये जानिन या फ्रेंच चित्रकार महिलेशी लग्न केले आणि २०१० च्या अखेरीस दिल्लीत परतले. म्हणजे धीर देण्यासाठी सांगितलेल्या उदाहरणाने घरातल्यांची धास्ती वाढायचीच. पण पुढचेही ऐकायला हवे. या साठ वर्षांत त्यांनी भारताचे नागरिकत्व सोडले नाही. ज्या चित्रांनी जगभर नाव झाले, त्यांच्या मध्यभागी एक काळा बिंदू आहे. लहानपणी वर्गात लक्ष लागेना, तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे पाहत बसवले होते. फ्रान्सने त्यांना बांधणी शिकवली. त्या बांधणीत बसवायची वस्तू मंडल्याच्या शाळेतून आली. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी दफन केले.

आणि सेमिस्टरला गेलेल्या मुलीला तर परत यावेच लागते. तिची पदवी इथे अडकलेली असते.

दुसरे उदाहरण दादीला जास्त पटेल. डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह हैदराबादचे. त्या काळी औरंगाबाद आणि बीड निजामाच्या राज्यात होते, म्हणजे शेवगाव-पाथर्डीची वेस ओलांडली की त्यांचा मुलूख सुरू होत असे. ते शिकले उस्मानिया विद्यापीठात, जिथे कायद्यापासून विज्ञानापर्यंत सगळे उर्दूतून शिकवत. उर्दू माध्यमातला हा मुलगा १९३० च्या दशकात आधी जर्मनीतल्या बॉन आणि मग पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाचा डॉक्टर झाला. पुढे पॅरिसमध्येच राहिला आणि १९५९ मध्ये त्याने कुराणाचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला. परमुलखात श्रद्धा विरघळून जाते म्हणणाऱ्यांनी या माणसाचे चरित्र जरूर वाचावे. ‘आमची पोरं उर्दू-मराठी माध्यमातली, त्यांना कुठलं जमतंय’ म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी तर आधी वाचावे.

खरे तर नगरच्या मुलांना फ्रेंच इंग्रजीपेक्षा जवळची वाटावी. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, फ्रेंचमध्ये दोन्ही वेगळे आहेत, आणि सरांना ‘तू’ म्हटले तर तिथेही भुवया उंचावतात. टेबल-खुर्चीला लिंग असते याचे मराठी मुलाला नवल नाही. त्याच्याकडे तीन लिंगे आहेत, फ्रेंचमध्ये दोनच. ऐंशीला फ्रेंच माणूस ‘चार वीस’ म्हणतो, गावाकडची म्हातारी ‘चार विसा’ म्हणायची. नाकातले अनुनासिक उच्चार कोकणात आणि देशावर कोणी शिकवावे लागत नाहीत. आणि ज्यांना उर्दू येते त्यांच्याजवळ तर दोन जादा अक्षरे आहेत. फ्रेंच ‘बाँझूर’मधला झ उर्दूत स्वतंत्र अक्षर म्हणून बसला आहे आणि पॅरिसचा घशातला र ‘गैन’च्या अगदी शेजारी राहतो. मदरशात कसून शिकलेले मखरज इथे उपयोगाला येतात.

मग अडते कुठे? मुलांपाशी नाही. कॉलेजांत ‘सामंजस्य करार’ होतात, सह्या होतात, शाल-श्रीफळ होते, फोटो नॅकच्या फाइलीत लागतो. किती मुले गेली, हे विचारल्यावर खोलीत शांतता पसरते. यूजीसीने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांसोबत शिकण्याचे नियम केले, त्यात ट्विनिंगच्या वाटेने पदवीचे तीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट बाहेर मिळवता येतात. पण नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत जागा, अशा अटी आहेत. तालुक्याच्या कॉलेजाला त्या सहज पेलणाऱ्या नाहीत, त्यामुळे धावपळ चालते ती गुणांसाठी. मुलगी मात्र प्रथम वर्षाला असताना तिला कोणी सांगत नाही की आत्ता फ्रेंच सुरू केलीस तर तिसऱ्या वर्षी जाता येईल. दोन वर्षे आठवड्याला चार तास, एवढीच बाब आहे. पुण्यात विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे, आलियाँस फ्राँसेज आहे. तिथला शिक्षक आठवड्यातून दोन दिवस नगरला आणायला किंवा तास ऑनलाइन भरवायला करार लागत नाही, एखाद्या प्राचार्याची इच्छा लागते. ज्या शहरात सावित्रीबाई फुले पुण्याहून शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला आल्या, त्या शहरातल्या मुलीला फ्रेंचची मुळाक्षरे गिरवायला पुण्याची एसटी धरावी लागते. हा उलटा प्रवास कधीतरी खटकायला हवा.

फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०३० पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. त्या जागा भरतीलच. मोठ्या शहरांतल्या, लहानपणापासून शाळेत फ्रेंच शिकलेल्या मुलांनी भरतील. शेवगाव-जामखेडच्या मुलांचा प्रश्न त्यात कुठेच येणार नाही, कारण त्यांनी फॉर्मच मागितलेला नसेल.

मुलीला एकटी कशी पाठवायची, हा प्रश्न राहतोच. त्यावर भाषण करण्यात अर्थ नाही. घरोघरी ज्यांचे नाव आदराने घेतात त्या इमाम बुखारींच्या आईची आठवण मात्र करून द्यायला हवी. पती वारलेले. मुलगा सोळा वर्षांचा असताना ती दोन्ही मुलांना घेऊन बुखारा शहरातून हजला गेली. हज झाल्यावर थोरल्याला घेऊन ती परतली आणि धाकट्याला शिकण्यासाठी मक्केत मागे ठेवले. त्या काळी बुखाऱ्याहून मक्का किती लांब होते आणि खुशालीचे पत्र किती महिन्यांनी पोचत असेल, याचा हिशेब अम्मीने करावा. तो मुलगा होता, ही मुलगी आहे, असे कोणी म्हणेल. ज्ञान मिळवणे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बंधनकारक सांगितले तेव्हा ते प्रत्येकासाठी सांगितले, असेच आलिम समजावतात.

आणि रमजान? फ्रान्सचे दुसरे सेमिस्टर जानेवारीपासून असते. यंदा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, म्हणजे पॅरिसचा आणि नगरचा रोजा जवळपास सारख्याच लांबीचा. दहा वर्षांपूर्वी तो जूनमध्ये होता, तेव्हा पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळत असे. आता पुढची काही वर्षे तो तिकडच्या थंडीत येईल, लहान दिवसांत. प्रवासात रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, पण ती विमानातल्या दिवसापुरती. महिनोन्‌महिने मुक्कामाला गेलेली मुलगी मुसाफिर राहत नाही, तिने रोजे ठेवायचे, आणि ठेवता येतात. पॅरिसची मोठी मशीद १९२६ मध्ये उघडली. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढून मेलेल्या मुसलमान सैनिकांच्या आठवणीत ती उभारली. यंदा तिला शंभर वर्षे होत आहेत. जुस्सियूच्या विद्यापीठ-आवारातून तिथे चालत जाता येते.

अडचण एकच, घड्याळाची. पॅरिस साडेचार तास मागे. नगरला इफ्तार होते तेव्हा तिथे दुपारचे दोन वाजून गेलेले असतात आणि मुलगी वर्गात असते, त्या वेळी फोन करून तिला भजी दाखवू नयेत. मार्चच्या सुरुवातीला तिचा रोजा सुटतो तो तिथल्या पावणेसातच्या आसपास, तेव्हा नगरला सव्वाअकरा होतात. तरावीह संपून लोक घरी आलेले असतात, पहाटे सहेरीला उठायचे म्हणून घर झोपायच्या तयारीत असते. परक्या खोलीत खजूर हातात धरून बसलेल्या पोरीशी दोन शब्द बोलायला कोणीतरी तेवढे जागे राहायला हवे. बहुधा ती दादीच असेल.